तेलाचा काटा काऊन पडला

॥ श्री ॥
गुडीहत्नूर,
ता. १४ फेब्रुवारी १९५६

ती. रा. मामांच्या पायांशी,

उत्तमचा सा. न. वि. वि. मोतीबिंदू काढल्यापासून तुमच्या डोळ्यांवर पट्टी आहे आणि दीड महिना ती सुटायची नाही असं कळलं. तेव्हा हे पत्र तुमच्या सूनबाई, वच्छलावहिनी, वाचून दाखवतील असं धरून लिहून राह्यलो. इकडे सर्व खुशाल. रेणुका बापाच्या डोळ्यांची काळजी करते आणि माझ्यावर चिडते, म्हणजे नेहमीसारखीच आहे. तुमची लेक मला देऊन तुम्ही मामाचे सासरे झालात, पण आज मी भाचा म्हणूनच लिहितो, कारण इतकी लाजेची गोष्ट जावयानं सासऱ्याला सांगू नये.

मामा, गाडीनं ऐन वेळी दगा दिला. आमच्या वडिलांनी, दादांनी, ही काळी विलायती मोटार जुनी घेतली तेव्हा तुम्ही हैदराबादच्या मोटार-कारखान्यातून रजा काढून आला होता आणि तिचा एकूण एक नट खोलून पुन्हा बसवला होता. आज ती बावीस वर्षांची आहे आणि तरी कधी रस्त्यात उभी राहिली नव्हती.

हद्दी नव्यानं आखल्या जाऊन राह्यल्या हे तुम्हाला ठाऊकच आहे. किनवट मराठी मुलखात जाणार असं जो तो बोलतो, आमचं काय ते कोणी सांगत नाही. म्हणून इकडच्या अकरा मराठी गावांनी दरखास्त केली की आम्हालाही किनवटाबरोबर टाका. चंपतराव पाटलांनी दोन महिने गावोगाव फिरून अंगठे घेतले. हद्दीचं काम पाहणारे साहेब निर्मलच्या डाकबंगल्यात शनिवारी दुपारी बारापर्यंत होते. सकाळी सातला मी, चंपतराव आणि आपला ड्रायव्हर धोंडीबा, असे तिघे निघालो.

नेरडीगोंडा मागं टाकून घाटाच्या तोंडाशी आलो आणि धोंडीबानं गाडी कडेला घेऊन इंजिनच बंद केलं. तेलाच्या दाबाचा काटा चाळीसवरून शून्यावर आला, आता एक फर्लांगही नेणार नाही, म्हणाला. चंपतरावांनी हात जोडले, शिव्या दिल्या, अंगावर धावून गेले. हा ढिम्म. चावी काढून खिशात घातली आणि शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसला. आम्ही पायी, मग मिळाली ती बैलगाडी, असं करत तीनला निर्मलला पोचलो. साहेब केव्हाच गेले होते. खानसाम्यानं सांगितलं की आता ते परत यायचे नाहीत आणि टपालानं आलेल्या दरखास्ती घ्यायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाडीपाशी परतलो तर तिथं एक ट्रकवाला थांबलेला. मी धोंडीबाकडून चावी घेतली आणि त्यानं हँडल मारलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू, आणि काटा बरोबर चाळीसवर. तो हसत निघून गेला. धोंडीबा तरी चालवायला तयार नाही. शेवटी बैल जुंपून गाडी घरी आणली, आणि इच्छोड्याच्या बाजारात लोक पाहायला गोळा झाले.

आता गाव म्हणून राह्यलं की हे धोंडीबानं मुद्दाम केलं. त्याची बायको राजव्वा निर्मलकडची, तेलुगू बोलणारी. गाव इकडंच राहावं हे त्याच्या सोयीचं, असं चंपतराव चावडीवर उघड बोलतात. पंधरा वर्षं आपल्याकडे असलेला माणूस आहे, मामा. पण काटा मी माझ्या डोळ्यांनी चाळीसवर पाहिला. काटा खोटा बोलू शकतो का, की माणूसच बोलला, एवढं सांगा. रागावलात तरी मला तोडू नका.

आपला,
उत्तम

॥ श्री ॥
किनवट,
ता. १९ फेब्रुवारी १९५६

चि. उत्तम यास यशवंतरावाचे अनेक आशीर्वाद. मी पडल्यापडल्या बोलतो आणि वच्छला लिहिते. बोललो तसंच लिही, तुझं शाळेतलं मराठी त्यात घालू नको, असं तिले बजावलं हाय.

पत्र ऐकलं. पहिली गोष्ट अशी की धोंडीबानं इंजिन बंद केलं नसतं तर घाट चढायच्या आत ते जागच्या जागी जाम झालं असतं. पाटलाले सांग, शिव्या द्यायच्या तर मले दे, कारण काटा पडला की आधी इंजिन बंद करायचं आणि मग कारण शोधायचं हे मीच त्याले शिकवलं.

तुले गाडीत बसता येते, पण खाली काय चाललं ते तू कधी पाहिलं नाही. सगळ्यात खाली तेलाचं भांडं हाय, त्याले आमी चेंबर म्हणतो. त्यात पंप बुडलेला असते आणि पंपाच्या तोंडावर जाळी. पंप तेल ओढते आणि वर ढकलते, आणि ते तेल फिरत्या दांड्याच्या आणि त्याच्या घराच्या मधात जाऊन बसते. केसाहून पातळ थर. मिनिटाले दोन हजार फेरे घेणारा तो दांडा लोखंडाले टेकतच नाही, उत्तम. तो तेलावर तरंगते. तीस वर्षं हेच काम केलं, पण आता डोळे बांधून पडलो तर तेच आठवते आणि अंगावर काटा येते. ज्यानं हे पहिल्यांदा मनात आणलं तो माणूस कसा असंल?

आता माझे डोळे तू हो. एक, तेल मोजायच्या कांडीवर तेल कुठवर हाय? दोन, काटा एकदम पडला की थरथरत पडला? तीन, पडला तेव्हा खालून ठोका ऐकू येत होता का? चार, थंड गाडी सुरू करून काट्यापुढं बस आणि घड्याळ धर. काटा पडला की लगेच बंद कर. पाच, काट्याच्या मागची बारीक तांब्याची नळी धोंडीबाले जराशी ढिली करायला सांग आणि पाहा, काटा पडला की तिच्यातलं तेलही थांबते का. थांबलं तर काटा खरा. न थांबलं तर काट्यालेच जाळ. सगळं धोंडीबाच्याच हातून करव. पत्र येईपर्यंत त्याले कोणी काही बोललं तर मी पट्टी फाडून तिकडं येईन.

तुझा मामा, आणि नाइलाजानं सासरा,
यशवंतराव

लिहिणारणीची भर: पट्टी फाडायची भाषा ते रोज करतात. उत्तमभावजी, उत्तरं लवकर पाठवा. नाही तर ते मला रोज स्वयंपाकघरातून बोलावून बोलावून विचारतील की पत्र आलं का. रेणुकाताईंना माझा न. सांगा.
वच्छला

॥ श्री ॥
गुडीहत्नूर,
ता. २४ फेब्रुवारी १९५६

ती. रा. मामांच्या पायांशी उत्तमचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. तेल कांडीच्या वरच्या खुणेला भिडलेलं आहे. काटा थरथरत पडला, असं धोंडीबा म्हणतो आणि मलाही आता तसंच आठवतं. मैलभर नाचला आणि मग बसला. ठोका नव्हता, धोंडीबा म्हणतो की ठोका येईपर्यंत थांबणारा ड्रायव्हर नसतोच.

घड्याळ धरून पाहिलं. सुरू केल्यावर काटा चाळीसवर. चौथ्या मिनिटाला थरथर, पाचव्याला शून्य. बंद केली, तंबाखू मळून होईपर्यंत थांबलो, पुन्हा सुरू केली. पुन्हा चाळीस, पुन्हा चार मिनिटं, पुन्हा शून्य. तीनदा तेच. नळीतलं तेलही काट्याबरोबरच थांबलं. म्हणजे काटा खराच होता, आणि धोंडीबाही. मामा, तुम्ही किनवटात डोळे बांधून पडलेले आणि इथं मी तुमच्या बोटानं इंजिन चाचपून राह्यलो, याचं मला फार नवल वाटलं. रेणुकाही ओट्यावर उभी राहून पाहत होती. एरवी ती गाडी सुरू झाली की कान झाकते.

पण हे चंपतरावांना पटत नाही. काटा पडतो हे खरं, पण तो पाडला कोणी, असं त्यांचं म्हणणं. सुरू केली की चढतो आणि मग पडतो अशी खोड आपोआप लागत नाही, ती जाणत्याच्याच हातची. गावानं धोंडीबाला चावडीवर बसू देणं बंद केलं आहे. राजव्वा विहिरीवर आली की बायका घागरी उचलून बाजूला होतात. धोंडीबा येतो, गाडी पुसतो, जातो. त्याच्याकडे पाहवत नाही मला.

लोभ आहे तो राहू द्या, आणि कारण कळवा.
उत्तम

॥ श्री ॥
किनवट,
ता. २८ फेब्रुवारी १९५६

चि. उत्तम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वच्छलाकडून चारदा वाचून घेतलं. चौथ्यांदा तिनं मले पाठ म्हणूनच दाखवलं.

पाटील हुशार हाय. त्याचा प्रश्न बरोबर, उत्तर चूक. ऐक. पंप झिजला असता तर काटा चढलाच नसता. तेलाचा दाब राखणारी स्प्रिंग मोडली असती तर मोडलेलीच राहिली असती, तंबाखू मळेपर्यंत जुडली नसती. तेलाचा गाळ जाळीवर बसला असता तर तो चिकटून राहिला असता. ही चीज काय करते पाहा. इंजिन बंद असलं की ती तेलात पडून राहते. सुरू झालं की पंपाच्या ओढीनं हळूहळू जाळीकडं जाते, तिच्या तोंडावर बसते आणि तेल अडवते. पुन्हा बंद केलं की ओढ सुटते आणि ती गळून पडते. म्हणजे ती जड नाही, कडक नाही, चिकट नाही. मऊ हाय. चिंधी, कापूस, नाही तर असंच काही. मी हे माझ्या बोटानं धरल्यासारखं सांगतो.

गेली कशी म्हणशील तर तेल ओतायच्या नळीतून. आधी नळीच्या वाकणात अडकून राहिली असंल आणि नेरडीगोंड्यापुढं गचक्यानं खाली पडली असंल, म्हणून तिथवर काटा चांगला होता. त्या नळीच्या तोंडाशी गाळणी होती, ती लढाईच्या वर्षांत गंजली आणि नवी मिळाली नाही. तो गुन्हा माझा.

आता चेंबर उतरवा. पाटलाले आणि आणखी दोघांले समोर बसवा. जे निघंल ते ताटलीत ठेवून सगळ्यांले दाखवा, आणि त्यानंतर धोंडीबाले चावडीवर मधोमध बसवा.

तुझा,
यशवंतराव

लिहिणारणीची भर: हे सांगताना त्यांचा हात अंथरुणावर असा फिरत होता की मी लिहायची थांबून पाहतच राहिले.

॥ श्री ॥
गुडीहत्नूर,
ता. ५ मार्च १९५६

ती. रा. मामांना सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसताना माझं डोकं ठिकाणावर नाही, चुकभूल पोटात घाला.

तुमचं पत्र घरात मोठ्यानं वाचलं. धोंडीबा दारात उभा होता, रेणुका आत होती. धोंडीबाच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू पाहिलं. काल सकाळी आठला चंपतराव आणि दोघं पंच येणार असं ठरलं. आम्ही चौघं गोठ्याच्या छपराखाली गेलो तर चेंबर आधीच उतरलेलं. तेल निथळायला वेळ लागतो म्हणून लवकर सुरुवात केली, धोंडीबा म्हणाला. जाळी स्वच्छ. भांडं स्वच्छ. ताटली रिकामी. काय निघालं विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, काही नाही निघालं.

चेंबर चढवलं, तेल भरलं, गाडी सुरू केली. तासभर काटा चाळीसवर, जागचा हलला नाही. चंपतराव हसले. ज्यानं घातलं त्यानंच काढलं, आणि पंच यायच्या आत काढलं, आणखी काय पुरावा पाहिजे, म्हणाले. मी धोंडीबाच्या खांद्याला धरून हलवलं. मामांनी दिवसरात्र विचार करून तुला वाचवायला घेतलं आणि तू त्यांनाही खोटं पाडलंस, असं बोललो. तो रडला नाही, भांडला नाही. चावी माझ्या हातात ठेवली. होळी झाली की बायकोला घेऊन निर्मलला जातो, म्हणाला.

तुमचं निदान चुकलं असं मी म्हणत नाही. निदान बरोबर निघालं म्हणूनच तर तो पकडला गेला. रेणुका कालपासून जेवली नाही. तिला त्याचा फार आधार वाटायचा.

तुमचा,
उत्तम

॥ श्री ॥
किनवट,
ता. ९ मार्च १९५६

चि. उत्तम,

आशीर्वाद आहेतच. रागानं सांगतो हाय, वच्छला म्हणते की तिचा टाकसुद्धा मले घाबरून राह्यला.

तू दुकान चालवते, इतकं तर तुले कळायला पाहिजे. त्या जाळीवर जे निघणार होतं ते धोंडीबाच्या सुटकेचा कागद होता. पंच येणार, ताटली ठेवलेली, मामाचं पत्र वाचलेलं. त्यानंच घातलं असतं तर चुपचाप ती चिंधी ताटलीत ठेवली असती आणि म्हटलं असतं, पाहा, कुठून तरी पडली. सगळ्यांनी मान हलवली असती. तसं न करता त्यानं ते लपवलं. स्वतःची सुटका स्वतःच्या हातानं खिशात घातली.

असं माणूस कवा करते? मी रात्रभर याच्याशीच झुंजलो. त्यात जे निघालं ते पाहून त्याले कळलं की हे कोणाचं हाय. आणि त्या माणसाचं नाव चावडीवर निघण्यापेक्षा आपण गाव सोडलेलं बरं, असं त्याले वाटलं. मी इंजिनाचा आतला भाग न पाहता सांगितला, उत्तम, पण असा माणूस मले सांगता आला नसता. त्याच्यापुढं मी काहीच नाही.

आता तुले शोधायचं ते हे की तो कोणाले वाचवते. घाई करू नको, आणि त्याले जाऊ देऊ नको.

यशवंतराव

॥ श्री ॥
गुडीहत्नूर,
ता. १० मार्च १९५६

सौ. वच्छलावहिनींना रेणुकाचा न. वि. वि.

पाकिटावर तुमचं नाव घातलं आहे, कारण हे पत्र बाबांना वाचून दाखवायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही. यांना ठाऊक नाही.

वहिनी, ते मी केलं.

तुम्हाला ठाऊक आहे, अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात दंगलीला भिऊन आम्ही घर सोडलं तेव्हा माझा गोविंद नऊ दिवसांचा होता. धोंडीबानं आम्हाला मागच्या सीटवर गोधडीखाली निजवलं आणि पैनगंगेच्या कोरड्या पात्रातून गाडी पलीकडे नेली. दगडगोट्यांतून, दिवे न लावता. मी डोळे मिटून फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होते. तो बंद पडला असता तर आम्ही नव्हतो. पडला नाही. तेव्हापासून ती गाडी माझ्या लेखी लोखंड नाही. दर शनिवारी मारुतीला तेल वाहून आले की तिलाही वाहते. हे हसतात, म्हणून सांगत नाही. आधी चाकावर थेंब टाकायची. मग धोंडीबाला तेल ओतताना पाहिलं, आणि तो बोलला होता की हिचं काळीज आत आहे, बाहेर तेल लावून तिला काय पोचणार. त्या दिवसापासून तो ज्या तोंडातून ओततो त्याच तोंडातून चमचाभर तिळाचं वाहू लागले.

त्या शनिवारी दरखास्त जायची होती. किनवट एका राज्यात आणि मी दुसऱ्यात, बाबा आजारी पडले तर सरहद्द ओलांडून यायचं, या विचारानं आठ दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पहाटे आंघोळ करून कापसाच्या मण्यांचं नवं वस्त्र केलं, कुंकू लावलं. देवाला वस्त्र दारावर टांगत नाहीत, अंगावर घालतात. म्हणून तेल वाहिलं आणि मागोमाग वस्त्रही आत सोडलं. सगळ्यांना सुखरूप ने आणि आण, असं म्हटलं.

हे बाबांचं पत्र वाचत असताना मऊ, कापूस हे शब्द आले आणि माझ्या हातातली परात पडली. आणि आता धोंडीबा म्हणतो काही निघालं नाही. कुंकवाचं वस्त्र पाहून त्याला कळलं नसेल का कोणाचं ते? मी बोलले तर अकरा गावं म्हणतील की उत्तमरावाच्या बायकोच्या खुळापायी आमची दरखास्त बुडाली. हे मला काय म्हणतील ते मनातही आणवत नाही. न बोलले तर त्याचं घर उठतं. होळीला पंधरा दिवस राहिले. तुम्ही मला रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमची,
रेणुका

॥ श्री ॥
किनवट,
ता. १४ मार्च १९५६

ताई, वच्छलाचा न. वि. वि.

वाचलं. आधी स्वतःशी, मग मामंजींना. न वाचणं मला जमलं नाही. ते पत्राची घडी उलगडायच्या आवाजावरून ओळखतात की काही मोठं आहे.

वस्त्राशी आले तेव्हा ते मोठ्यानं हसले. मग धोंडीबाशी आले तेव्हा पट्टी ओली व्हायला लागली. डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका म्हणून ताकीद दिली आहे, तेव्हा मी त्यांना रागावले, तर म्हणाले की पाणी माझं नाही, त्याचं आहे.

त्यांनी सांगायला सांगितलं ते असं. हद्द एका दरखास्तीनं इकडची तिकडे होत नाही, तेव्हा ते ओझं तुम्ही घेऊ नका. उत्तमभावजींना ते काही लिहिणार नाहीत. गाडीचं कारण शोधायचं काम मामंजींचं होतं, ते झालं. हे तोंड उघडायचं काम तुमचं आहे, आणि ते दुसऱ्या कोणी केलं तर धोंडीबा उपकारात बुडेल पण उजळ होणार नाही. एवढं बोलले आणि मग हळूच म्हणाले, माझी लेक भित्री नाही.

ताई, मला विचाराल तर मी तुमच्या जागी असते तर भ्याले असते. तरी जा.

वच्छला

॥ श्री ॥
गुडीहत्नूर,
ता. २४ मार्च १९५६

ती. बाबांच्या चरणी रेणुकाचा सा. न. वि. वि.

वहिनी, हे सगळं वाचून दाखवा, काही गाळू नका.

आधी यांना सांगितलं. बुधवारी दुकानातून आले, हातपाय धुतले, जेवले, आणि मग सांगितलं. रागावतील म्हणून भिंतीला टेकून उभी होते. ते रागावले नाहीत. मग म्हणाले की मी त्याच्या खांद्याला धरून हलवलं. एवढंच तीनदा म्हणाले. सकाळी आपण चावडीवर जाऊ, म्हणाले.

गुरुवारी गेलो. बायका सहसा जात नाहीत तिथं. चंपतरावांनी धोंडीबाला बोलावून घेतलं, तो आला आणि पायरीखाली उभा राहिला. त्याच्यामागं राजव्वा. मी उभी राहिले आणि तुम्हाला लिहिलं तेच सगळ्यांदेखत सांगितलं.

कोणाचा विश्वासच बसला नाही, बाबा. चंपतराव म्हणाले की रेणुकाबाईंवर त्याचे जुने उपकार आहेत, त्या त्याला वाचवायला स्वतःवर घेऊन राह्यल्या. धोंडीबाला विचारलं, तर त्यानंही मान हलवली. बाई खोटं बोलतात, असं काही निघालंच नाही, म्हणाला. माझ्याकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. मला धरणी फाटावी असं झालं. खरं सांगायला इतकी हिंमत गोळा केली आणि ज्याच्यासाठी केली तोच मला खोटं पाडून राह्यला.

तेव्हा चंपतरावांनी मला विचारलं की वस्त्र कितीचं होतं. एकवीस मण्यांचं, मी म्हटलं. त्यावर राजव्वा वळली आणि घराकडे गेली. धोंडीबानं तिला तेलुगूत हाक मारून थांबवायला पाहिलं. ती थांबली नाही. परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत केळीच्या पानावर माझं वस्त्र होतं. तेलानं काळं झालेलं, पण गाठीगाठीत कुंकू तसंच. धोंडीबानं ते पहाटे जाळीवरून काढलं, पाहिलं आणि मटकन खाली बसला, हे तिनं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. घरी आणून त्यानं ते तिच्या देव्हाऱ्यात ठेवलं. आपण का जायचं, असं तिनं विचारलं, तर म्हणाला की ज्या बाईनं नऊ दिवसांचं लेकरू माझ्या भरवशावर टाकलं तिचं नाव माझ्यामुळं चावडीवर यायचं नाही. तेव्हा तिनं भांडी बांधायला घेतली, असं म्हणाली.

लोक पान पाहायला पुढं सरकले. तरी चंपतरावांनी मोजा म्हटलं. राजव्वा पायरीवर बसली आणि एकेक मणी बोटानं बाजूला सारत मोजू लागली. ओकटी, रेंडू, मूडू. कोणी हसलं नाही. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि तिच्याबरोबर एक, दोन, तीन म्हणू लागले, कारण लोकांना तिचं कळेना. एका मण्याला तिचा आणि माझा असे दोन आकडे. मला त्या वेळी कसं वाटलं ते लिहिता येत नाही. पाचसात बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

वीसच भरले. तिनं पुन्हा मोजले. वीसच. चंपतराव माझ्याकडं पाहू लागले, आणि मला वाटलं की झालं, आता मी खोटी ठरले.

आणि बाबा, धोंडीबा ताडकन पुढं आला. तोंड पांढरं पडलेलं. एक आत राहिला, म्हणाला. एक मणी अजून इंजिनात आहे, गाडी कोणी सुरू केली का, कोणी हात लावला का, असं यांच्याकडं पाहून ओरडला. आपण आत्ताच काय नाकारलं हे त्याच्या लक्षातही नव्हतं. पंधरा दिवस गावानं इतकं बोलून त्याच्या तोंडून जे निघालं नाही ते त्या एका मण्यानं काढलं. तो पळत सुटला. यांनी करगोट्याची चावी ओढून काढली आणि त्याच्यामागं पळाले, आणि त्यांच्यामागं चंपतराव धोतर सावरत, आणि मग सगळी चावडी.

चेंबर पुन्हा उतरवलं. या वेळी यांनी खाली निजून दिवा धरला आणि चंपतरावांनी नट एकेक करून ओंजळीत घेतले. खाली काही नव्हतं. मग धोंडीबानं तेल ओतायच्या नळीत तार घातली आणि वाकणात अडकलेला मणी बाहेर आला. आज ना उद्या तो खाली पडला असता. तळहातावर घेऊन त्यानं तो सगळ्यांना दाखवला. चंपतराव त्याच्याकडं पाहत होते, मण्याकडं नाही. मग ते तिथंच, तेलात बसलेले, त्याला माफ कर म्हणाले. धोंडीबा म्हणाला की पाटील, जरा सरका, दिवा दिसत नाही.

काही बायका अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील किंवा नाही. राजव्वाचं पाणी मात्र विहिरीवर आता आधी भरलं जातं. आपल्या लेकीवर आहे तितकीच माया करत राहा, बाबा, आणि डोळे उघडले की इकडं या, राज्य कुठलंही असो.

तुमची,
रेणुका